जालन्याचा पिनकोड मूळ संख्या आहे: वही आणि कॅल्क्युलेटर घेऊन स्वतः सिद्ध करा

जालना शहराचा पिनकोड ४३१२०३. ही मूळ संख्या आहे. १ आणि ती स्वतः सोडली तर तिला दुसऱ्या कशानेही भाग जात नाही. हे इंटरनेटवर एका क्षणात कळतं, पण तसं कळणं आणि स्वतः सिद्ध करणं यांत मोठा फरक आहे. या लेखात आपण ते सिद्ध करणार आहोत. त्यासाठी १०० पानी वही, पेन्सिल आणि मोंढ्यातल्या आडतीवर असतो तसला बारा अंकी कॅल्क्युलेटर एवढंच लागेल. नववी-दहावीचं गणित पुरेसं आहे.

सहा अंकी संख्येला मोठी म्हणावं का, असा प्रश्न पडू शकतो. संगणकासाठी ती अगदीच लहान आहे. पण कोट्यवधी अंकांची मूळ संख्या ज्या पद्धतीने तपासतात, ती पद्धत या सहा अंकांत पूर्ण दिसते, आणि प्रत्येक पायरी आपल्या हाताने करता येते. मला पिनकोड निवडावेसे वाटले कारण ते आपल्या रोजच्या व्यवहारातले आहेत. १५ ऑगस्ट १९७२ पासून पत्रांवर लिहिले जाणारे हे सहा आकडे ज्यांनी आखले, ते श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे गाढे अभ्यासक होते. लातूर आणि धाराशिव ही शहरं ४१३ ने सुरू होतात. मराठवाड्याच्या बाकी जिल्ह्यांची मुख्य शहरं ४३१ मध्ये येतात.

पायरी पहिली: आधी सोपे भाजक झटका

लातूरचा ४१३५१२ आणि बीडचा ४३११२२ सम आहेत, त्यामुळे ते लगेच बाद होतात. नांदेडच्या ४३१६०१ मधल्या अंकांची बेरीज १५, म्हणून ३ ने भाग जातो. छत्रपती संभाजीनगरच्या ४३१००१ ची बेरीज ९ येते. तो पूर्ण फोडला तर ३ × ३ × ३ × ३ × १७ × ३१३ असा निघतो. जालन्याच्या ४३१२०३ ची बेरीज १३ आहे आणि शेवटी ३ आहे, म्हणून २, ३, ५ तिघेही गेले.

७, ११ आणि १३ साठी एक उत्तम युक्ती आहे. ७ × ११ × १३ = १००१. म्हणून सहा अंकी संख्येचे तीन-तीन अंकांचे दोन तुकडे करायचे आणि एकातून दुसरा वजा करायचा. ४३१ − २०३ = २२८. या २२८ ला ७, ११ किंवा १३ ने भाग जात असेल तरच ४३१२०३ ला जातो. २२८ ला तिघांनीही जात नाही. आपल्या बहुतेक पिनकोडांचा पहिला तुकडा ४३१ च असल्यामुळे ही वजाबाकी तोंडी होते. तेच तुकडे मिळवले तर ३७ चं उत्तर मिळतं, कारण ९९९ = २७ × ३७. ४३१ + २०३ = ६३४, आणि ६३४ ला ३७ ने भागल्यास ५ उरतात. दोन-दोन अंकांचे तुकडे पाडून ४३ − १२ + ०३ = ३४ केलं की १०१ चाही निकाल लागतो: बाकी ३४, म्हणजे भाग जात नाही.

पायरी दुसरी: सरळ भागाकार, आणि तो कुठे थांबवायचा

संख्या दोन भाजकांचा गुणाकार असेल तर त्यातला लहान भाजक वर्गमुळापेक्षा मोठा असू शकत नाही. ४३१२०३ चं वर्गमूळ ६५६ च्या थोडं पुढे आहे. म्हणजे ६५६ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की काम संपलं. अशा मूळ संख्या ११९ आहेत, शेवटची ६५३.

११९ भागाकार एका संध्याकाळी होतात, आणि ज्यांना हात साफ करायचा असेल त्यांनी ते जरूर करावेत. बाकी काढायची रीत अशी: भागाकार करा, दशांशचिन्हाच्या आधीचा पूर्णांक घ्या, त्याला भाजकाने गुणा आणि ४३१२०३ मधून वजा करा. ४३१२०३ ÷ १०९ = ३९५५.९९… असं दिसतं. ३९५५ × १०९ = ४३१०९५, बाकी १०८. असं 'जवळजवळ पूर्ण' उत्तर दिसलं की घाईत भाग गेला असं वाटतं, म्हणून गुणाकार करून बघायचाच.

या पद्धतीचा त्रास कळायचा असेल तर परभणीचा ४३१४०१ घ्या. अंकांची बेरीज १३. तुकड्यांची वजाबाकी ३०, म्हणजे ७, ११, १३ गेले. मग १७, १९, २३ असं पुढे जात राहा. शंभर ओलांडलं, दोनशे ओलांडलं, तीनशे ओलांडलं तरी काही सापडत नाही. आणि मग ७७व्या मूळ संख्येला, ३८९ ला, भाग पूर्ण जातो: ४३१४०१ = ३८९ × ११०९. हे दोन्ही भाजक मूळ आहेत. गुणाकार करायला अर्धा मिनिट पुरतं, उलट फोडायला ७७ भागाकार लागतात. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार सोपा आणि तो फोडणं अवघड, याच एका विषमतेवर इंटरनेटवरची आरएसए ही कूटपद्धत उभी आहे. तिथे मात्र भाजक तीन-चार अंकी नसतात, शेकडो अंकी असतात.

असे वर्गमुळापर्यंतचे भागाकार शंभर अंकी संख्येला करायला गेलं तर जगातले सगळे संगणक मिळूनही ते संपणार नाहीत. म्हणून दुसरा रस्ता लागतो. भाजक शोधायचेच नाहीत, आणि तरी ते नाहीत हे सिद्ध करायचं. या रस्त्याची गुरुकिल्ली शेजारच्या संख्येत असते.

पायरी तिसरी: शेजारची संख्या फोडा

४३१२०३ मधून १ वजा करा: ४३१२०२. ही सम आहे, शिवाय अंकांची बेरीज १२, म्हणून ६ ने भाग जातो. ४३१२०२ = २ × ३ × ७१८६७.

आता ७१८६७ मूळ आहे का ते बघा. तिचं वर्गमूळ २६८ च्या आसपास, त्यामुळे फक्त ५६ मूळ संख्यांनी तपासावं लागतं. हे भागाकार तुम्ही करा. एकानेही भाग जात नाही. ७१८६७ मूळ आहे, आणि ती ६५६ पेक्षा कितीतरी मोठी आहे. ही दुसरी गोष्ट वहीत चौकट करून लिहून ठेवा. सिद्धतेचा सगळा भार तिच्यावर आहे.

पायरी चौथी: २ चे घात आणि त्यांच्या बाक्या

फ्रेंच गणिती फर्माने १६४० मध्ये एका पत्रात एक नियम मांडला. संख्या 'न' मूळ असेल आणि 'अ' ला तिने भाग जात नसेल, तर 'अ' चा (न − १) वा घात घेऊन त्याला 'न' ने भागलं की बाकी नेहमी १ उरते. ७ घेऊन पडताळा: २ चा सहावा घात ६४, आणि ६४ = ९ × ७ + १.

आपल्याला २ चा ४३१२०२ वा घात पाहायचा आहे. तो पूर्ण लिहायला सव्वा लाखाच्या वर अंक लागतील, पण आपल्याला फक्त त्याची बाकी हवी आहे. बाकीचा वर्ग करून पुन्हा भागलं तरी शेवटची बाकी तीच येते, म्हणून कुठलीही संख्या कधी अकरा अंकांच्या पुढे जात नाही. शिवाय अर्ध्या घातावर, म्हणजे २१५६०१ वर, थांबलेलं बरं. तिथे जास्त माहिती मिळते, का ते पुढे येईल.

घातांकांची साखळी उलट बाजूने तयार करा. २१५६०१ चे निम्मे (अपूर्णांक सोडून) १०७८००, त्याचे निम्मे ५३९००, मग २६९५०, १३४७५, ६७३७, असं १३ पर्यंत उतरा. मग १३ पासून वर चढायचं. प्रत्येक पायरीला बाकीचा वर्ग करायचा आणि नवा घातांक विषम असेल तर आणखी २ ने गुणायचं.

पहिली पायरी पूर्ण करून दाखवतो. २ चा तेरावा घात ८१९२. वर्ग केला की ६७१०८८६४ (हा सव्विसावा घात). ४३१२०३ ने भागा: १५५.६…. १५५ × ४३१२०३ = ६६८३६४६५, बाकी २७२३९९. ही बाकी भाजकाच्या निम्म्याहून मोठी आहे, म्हणून तिच्यातून ४३१२०३ वजा करून −१५८८०४ लिहा. वर्ग करताना ऋणचिन्ह जातंच, आणि आकडे लहान राहतात. या रीतीने साखळी अशी येते (डावीकडे घातांक, उजवीकडे बाकी):

१३ : ८१९२
२६ : −१५८८०४
५२ : −१९७०३९
१०५ : −१४५१८३
२१० : ३८४४३
४२१ : −१६८०६७
८४२ : १३२७७१
१६८४ : १२८५९८
३३६८ : −५१८५२
६७३७ : १५८३९८
१३४७५ : −१०२७०८
२६९५० : −१६९२८
५३९०० : −१९२८११
१०७८०० : −८४९२४
२१५६०१ : −१

शेवटची ओळ हाताने करा, तिचा आनंद वेगळाच आहे. ८४९२४ चा वर्ग ७२१२०८५७७६. ४३१२०३ ने भागल्यावर बाकी २१५६०१. दुप्पट केली की ४३१२०२, म्हणजेच −१. चौदा वेळा वर्ग केल्यावर बरोबर −१ वर येऊन ठेपणं हा योगायोग नसतो. मध्ये एका अंकाची जरी चूक झाली असती तरी शेवटी भलतीच संख्या आली असती. त्यामुळे ही ओळ तुमच्या संपूर्ण आकडेमोडीची पावतीही आहे.

−१ चा वर्ग १. म्हणजे २ च्या ४३१२०२ व्या घाताची बाकी १ आली. फर्माची कसोटी ४३१२०३ पास झाली.

इथे थांबू नका

अनेक जण इथेच 'सिद्ध झालं' लिहून मोकळे होतात. ते बरोबर नाही. फर्माचा नियम सांगतो की मूळ असेल तर बाकी १ येते. बाकी १ आली म्हणून ती मूळच, असं तो सांगत नाही. ३४१ बघा. २ चा दहावा घात १०२४, आणि १०२४ = ३ × ३४१ + १. म्हणून २ च्या दहाव्या, विसाव्या, शंभराव्या आणि ३४० व्या घाताचीही बाकी १ च येते. तरी ३४१ = ११ × ३१. ५६१ तर याहून बेरकी आहे: तिच्याशी सामाईक भाजक नसलेली कुठलीही संख्या घ्या, बाकी १ च मिळते. पण ५६१ = ३ × ११ × १७.

पायरी पाचवी: सिद्धता पूर्ण करा

आता चौकटीतली ७१८६७ कामाला येते. हा युक्तिवाद गणितज्ञ पॉकलिंग्टन यांनी १९१४ मध्ये मांडला. तो लहान आहे, सावकाश वाचा.

समजा ४३१२०३ मूळ नाही. मग तिला ६५६ किंवा त्याहून लहान असा एक मूळ भाजक असणार. त्याला 'र' म्हणू. २ चे घात एकामागून एक घेत 'र' ने भागत गेलो तर कधीतरी पहिल्यांदा बाकी १ येते. ज्या घातांकाला ती पहिल्यांदा येते त्याला 'क' म्हणू. त्यानंतर १ ही बाकी 'क' च्या पटीतल्या घातांकांवरच पुन्हा दिसते.

४३१२०२ या घातांकावर बाकी १ येते, हे आपण दाखवलं (४३१२०३ ने भागून १ उरत असेल तर तिच्या भाजकाने भागूनही १ च उरते). म्हणून 'क' हा २ × ३ × ७१८६७ चा भाजक आहे. आता दोनच शक्यता उरतात.

एक, 'क' मध्ये ७१८६७ नाही. मग 'क' हा ६ चा भाजक, म्हणजे २ च्या सहाव्या घातावर बाकी १, म्हणजे 'र' ने ६३ ला भाग जातो. ६३ चे मूळ भाजक ३ आणि ७. पण ४३१२०३ ला ३ ने किंवा ७ ने भाग जात नाही, हे पहिल्याच पायरीत पाहिलं. ही शक्यता बाद.

दोन, 'क' मध्ये ७१८६७ आहे. 'र' मूळ असल्यामुळे फर्माचा नियम त्याला लागू होतो, म्हणून 'क' ने (र − १) ला भाग जातो. मग (र − १) किमान ७१८६७ झाला. पण 'र' तर ६५६ च्या आत आहे. हीही शक्यता बाद.

म्हणून असा 'र' नाहीच. ४३१२०३ मूळ आहे. एकाही भाजकाचा शोध न घेता, केवळ शेजारच्या ४३१२०२ च्या जोरावर आपण हे सिद्ध केलं. दहावीच्या हुशार मुलांना याच वर्षी शिकवावी अशी ही सिद्धता आहे असं मला मनापासून वाटतं. विभाज्यता, बाकी आणि विरोधाभासाने सिद्धता, सगळं एका पानात येतं.

आता या संख्येची ओळख करून घेऊ

मूळ आहे हे ठरलं की तिचे बाकीचे गुणधर्म भराभर उलगडतात.

४ ने भागल्यावर ४३१२०३ ची बाकी ३. पूर्ण वर्गाला ४ ने भागलं की बाकी ० किंवा १ च येते, म्हणून दोन वर्गांची बेरीज कधी ३ बाकी देऊ शकत नाही. ही संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येणार नाही, शोधत बसू नका.

८ ने भागल्यावरही बाकी ३. अशा मूळ संख्यांना २ चा अर्धा घात नेहमी −१ देतो. बाकी १ किंवा ७ असती तर +१ मिळाला असता. म्हणूनच आपण अर्ध्या घातावर थांबलो: −१ येणार हे आधीच ठरलेलं होतं, आणि उत्तर त्याच्याशी ताडून पाहता आलं.

बाकी ३ असण्याचा आणखी एक लाभ आहे. अशी मूळ संख्या 'एक वर्ग अधिक दुसऱ्या वर्गाची दुप्पट' अशी लिहिता येतेच, आणि एकाच प्रकारे. कोणते दोन वर्ग हे वरच्याच साखळीतून निघतं. १०७८०० समोरची बाकी −८४९२४ दुप्पट करा आणि चिन्ह सोडा: १६९८४८. याच्या वर्गात २ मिळवले तर ४३१२०३ ने भाग जातो. आता ४३१२०३ आणि १६९८४८ चा मसावि काढायला बसा, भागाकार पद्धतीने. बाक्या येतात ९१५०७, ७८३४१, १३१६६, १२५११, ६५५. वर्गमुळाच्या, म्हणजे ६५६ च्या, आत पहिली बाकी आली की थांबा. ६५५ चा वर्ग ४२९०२५. ४३१२०३ मधून वजा केला की २१७८, आणि २१७८ = २ × १०८९ = २ × ३३².

म्हणजे ४३१२०३ = ६५५² + २ × ३३².

मसाविची रीत आपण पाचवी-सहावीत शिकतो आणि विसरून जातो. ती इथे असं काही करून दाखवते, यावर मी अजूनही थांबून विचार करतो.

१ भागिले ४३१२०३

आवर्ती दशांश सगळ्यांना माहीत आहेत. १/७ = ०.१४२८५७ १४२८५७…, सहा अंकांनी पुन्हा तेच. १/४३१२०३ = ०.०००००२३१९०९…, हे किती अंकांनी पुन्हा सुरू होईल?

भागाकार करताना प्रत्येक वेळी बाकीला १० ने गुणून पुढे जातो, म्हणून १० चा कितवा घात पहिल्यांदा बाकी १ देतो हाच खरा प्रश्न. संख्येच्या शेवटी ३ आहे (५ ने भागल्यास बाकी ३), त्यामुळे ५ चा अर्धा घातही −१ देतो. २ चा −१ आपण पाहिलाच. दोघांचा गुणाकार +१, म्हणजे १० चा २१५६०१ वा घात बाकी १ देतो. आवर्तन २१५६०१ चा भाजक असायला हवं: १, ३, ७१८६७ किंवा २१५६०१. एक आणि तीन शक्य नाहीत, कारण ९ आणि ९९९ तर ४३१२०३ पेक्षा लहान आहेत.

७१८६७ साठी मात्र वहीत दुसरी साखळी लिहावी लागते. रीत तीच, घातांक विषम आला की आता १० ने गुणायचं. मैलाचे दगड देतो, म्हणजे वाटेत ताडून पाहता येईल: आठवा घात −३९०९६, १७ वा ११९४१९, ३५ वा −२०५३६२, २८० वा १८६३३, २२४५ वा −१४४३७, १७९६६ वा −२०१८९, ३५९३३ वा −२०४७४९, आणि शेवटी ७१८६७ वा −६३४३२. ही १ नाही. म्हणून आवर्तन पूर्ण २१५६०१ अंकांचं आहे. एका पानावर ३००० अंक छापले तर ७२ पानं भरतील, तेव्हा कुठे पहिला अंक परत येईल.

शेवटच्या −६३४३२ ची तपासणीही सुंदर आहे. या बाकीचा घन १ यायला हवा, म्हणून वर्ग अधिक ती स्वतः अधिक १ ला ४३१२०३ ने पूर्ण भाग जायला हवा. ६३४३२² − ६३४३२ + १ = ४०२३५५५१९३ = ९३३१ × ४३१२०३. गेला. आणि याच बाकीची दुप्पट करून १ मिळवा, चिन्ह सोडा, १२६८६३ घेऊन पुन्हा मसाविची रीत चालवा: ५०६१४, २५६३५, २४९७९, ६५६. मग ४३१२०३ = ६५६² + ३ × १७². गुणाकार करून खात्री करा.

खरोखरच्या अवाढव्य मूळ संख्या

शेजारच्या संख्येची ही कल्पना दुसऱ्या बाजूनेही चालते. १ वजा करण्याऐवजी १ मिळवायचा. ८१९१ मध्ये १ मिळवला की ८१९२, नुसते २ चे तेरा गुणाकार, याहून सोपी फोड नाही. अशा संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात आणि त्यांची लुकास-लेमर कसोटी पेन्सिलने होते. ४ ने सुरुवात करा, वर्ग करून २ वजा करा, ८१९१ ची बाकी घ्या. असं १३ − २ = ११ वेळा केल्यावर ० आला तर संख्या मूळ, नाही आला तर नाही. इथे 'कदाचित' राहत नाही.

बाकी काढायला भागाकारही नको. ८१९२ ने जितके पूर्ण गट होतात तितके उरलेल्यात मिळवायचे. ४८७० चा वर्ग वजा २ = २३७१६८९८. त्यात ८१९२ चे २८९५ गट, उरले १०५८. २८९५ + १०५८ = ३९५३, झाली बाकी. पूर्ण क्रम असा येतो: ४, १४, १९४, ४८७०, ३९५३, ५९७०, १८५७, ३६, १२९४, ३४७०, १२८, ०. शेवटी १२८² − २ = १६३८२, बरोबर ८१९१ ची दुप्पट.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली, तोवरची सर्वांत मोठी मूळ संख्या याच घराण्यातली आहे: २ चा १३,६२,७९,८४१ वा घात, उणे १. तिचे अंक ४,१०,२४,३२०. ल्यूक ड्युरंट यांना ती 'ग्रेट इंटरनेट मर्सेन प्राइम सर्च' या स्वयंसेवी प्रकल्पातून मिळाली. आधी फर्माच्या कसोटीने ती 'बहुधा मूळ' ठरली, नंतर लुकास-लेमरने पक्की झाली. आपण चौथ्या पायरीत थांबलो नाही, तसेच तेही थांबले नाहीत.

शेजारची संख्या फोडता येत नसेल तर? त्याचं उत्तर २००२ मध्ये आयआयटी कानपूरमधून आलं. मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी कोणत्याही संख्येसाठी चालणारी, निश्चित निकाल देणारी आणि अंकांच्या मानाने वाजवी वेळात संपणारी पद्धत दिली. कयाल आणि सक्सेना यांनी तेव्हा नुकतंच बी. टेक. पूर्ण केलं होतं.

तुमच्या वहीसाठी: हिंगोली

४३१००० च्या आसपास सरासरीने दर १३ संख्यांमागे एक मूळ असते. हिंगोलीचा पिनकोड ४३१५१३ त्यांतला आहे की नाही, हे आता तुम्ही ठरवा. वरची पद्धत त्याला जशीच्या तशी लागू पडते. शेजारची संख्या ४३१५१२ = ८ × ५३९३९, आणि ५३९३९ मूळ आहे (२३२ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून खात्री करून घ्या). ८ ने भागल्यावर ४३१५१३ ची बाकी १, म्हणून ती मूळ असेल तर अर्ध्या घातावर, २१५७५६ वर, +१ यायलाच हवा. दुसरं काही आलं तर ती मूळ नाही, प्रश्न तिथेच मिटला. +१ आला तर पाचवी पायरी: या वेळी ६३ च्या जागी २ चा आठवा घात उणे १, म्हणजे २५५ येईल, आणि ३, ५, १७ हे तीन भाजक तपासावे लागतील. घातांकांची साखळी अशी: १३, २६, ५२, १०५, २१०, ४२१, ८४२, १६८५, ३३७१, ६७४२, १३४८४, २६९६९, ५३९३९, १०७८७८, २१५७५६. पहिली ओळ पुन्हा ८१९२ च आहे. मात्र सव्विसाव्या घातापासून ४३१५१३ ने भागायचं आहे, त्यामुळे पुढची एकही बाकी जालन्याच्या साखळीतून उचलू नका.